दोष : निरंक

खुर्ची चारही पायांवर उभी राहावी, अशी आमच्या घरात पूर्वापार समजूत होती. ही समजूत चुकीची आहे आणि शिवाय बेकायदेशीरही आहे, हे आम्हाला फार उशिरा, म्हणजे माझे केस पुरते पांढरे झाल्यावर कळले.

आमचे घर आणि कारखाना एकच. पुढे दुकान, मध्ये कारखाना, मागे आम्ही. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तीत एक भक्कम बाक, भिंतीला टांगलेल्या करवती, रंधे, पटाशा आणि जमिनीवर कायम घोट्याएवढा भुसा. खुर्च्या, स्टुले, कपाटे, झाकणाचे डबे, वाढायचे डाव, कपडे टांगायच्या खुंट्या, जे म्हणाल ते तिथे होई. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी माझ्या हातात पॉलिशचा बोळा दिला आणि म्हणाले, "सूनबाई, लाकडाच्या रेषेने फिरव. आडवा फिरवलास तर लाकूड रुसतं." नवरा रुसला तर बोळा कसा फिरवायचा हे मात्र कोणी सांगितले नाही. ते माझे मी शिकले.

सासऱ्यांची एक रीत होती, ती आमच्या ह्यांनी पुढे चालवली. झालेली खुर्ची लगेच दुकानात जात नसे. आधी ती आमच्या स्वयंपाकघरात येई. तिच्यावर बसून आम्ही जेवायचो, भांडायचो, लेकीला मांडीवर घेऊन झोपवायचो. हवा कोरडी झाली, दमट झाली, तरी ती कुरकुरली नाही, तरच तिला दुकानात बढती. कुरकुरली तर पुन्हा बाकावर, सांधे सोडून पहिल्यापासून. घरात कुरकुर करायचा हक्क फक्त मला होता. त्यामुळे आमची स्वतःची म्हणावी अशी खुर्ची आमच्या घरात कधी टिकली नाही. खुर्च्या पाहुण्यांसारख्या येत, आमचे वजन झेलून बघत आणि लोकांच्या घरी नांदायला जात.

तेव्हाचे गिऱ्हाईकही वेगळे. खुर्ची उलटी करून तिचे पोट बघणार, सुलटी करून तीत धपकन बसणार, उठणार, आणि "पाठवून द्या" म्हणून निघून जाणार. ही हाताने केली आहे का, असे कोणी विचारत नसे. हाताने नाही तर काय पायाने करणार?

मग शहराबाहेर मोठे कारखाने आले. तिथे धडाधड खुर्च्या पडू लागल्या आणि प्रत्येकीच्या पाठीला चिठ्ठी लागू लागली, 'खास हातांनी घडवलेली.' लोक फसू लागले. फसवणूक थांबवायची तर फसवणाऱ्याचा हात धरावा लागतो, आणि फसवणारा मोठा असला की त्याचा हात हातात मावत नाही. म्हणून सरकारने सहज मावतील असे हात धरायचे ठरवले. हस्तनिर्मिती प्रमाणन कार्यालय स्थापन झाले. यापुढे 'हातकाम' हा शब्द पाटीवर लिहायचा तर मालावर कार्यालयाचा निळ्या तळव्याचा शिक्का हवा. शिक्का नसेल त्याने 'यंत्रनिर्मित' अशी पाटी लावायची.

ही बातमी समोरच्या शिंपीणबाईंनी आणली. त्या बातमी आणतात तेव्हा तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा ओठ मिटूनच सांगतात.

"तुमचं काय, तुम्हाला तर पहिल्या फटक्यात मिळेल," त्या म्हणाल्या. "मेल्या त्या कारखानेवाल्यांची जिरेल आता."

आम्हालाही तसेच वाटले. लेकीने उत्साहाने अर्ज केला. लेक दुकान सांभाळते. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, पूर्वी विमा विकायचे. ती नोकरी सुटल्यापासून ते कारखान्यात 'हातभार' लावतात. माणूस सोन्यासारखा, पण खिळा ठोकायला गेला तर खिळा सोडून बाकी सगळ्यावर हातोडा बसतो. म्हणून ह्यांनी त्यांना झाडू दिला होता.

तपासनीस आले ते भिंग घेऊनच. घरात आम्ही त्यांचे नावच भिंगवाले ठेवले. त्यांनी दुकानातल्या एका खुर्चीभोवती फेरी मारली, तिला आडवी केली, उताणी केली, तिच्या पोटाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला होता.

"फट दिसत नाही कुठे," ते म्हणाले.

"नाहीच आहे," हे म्हणाले. आवाजात थोडी ऐट होती. मला आठवते, कारण ती शेवटचीच.

"खिळे?"

"नाहीत."

"मग हे सगळं एकत्र कसं राहिलंय?"

"लाकूड लाकडाला धरून बसतं."

"कोणाच्या परवानगीने?"

ह्यांना वाटले साहेब थट्टा करत आहेत. हे हसले. साहेब हसले नाहीत, त्यामुळे ह्यांचे हसू मध्येच लोंबकळत राहिले.

"पाय चारही सारखे. कडा सरळ. पॉलिशला एक डाग नाही," भिंगवाले म्हणाले. "हाताने केल्याचा पुरावा काय?"

"हा काय," असे म्हणून ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. तळव्याला घट्टे, एका बोटाचे टोक करवतीने पूर्वीच नेलेले.

साहेबांनी हातांकडे पाहिलेच नाही. "हात अर्जासोबत जोडलेले नाहीत," ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "मी तुमच्यासमोर करून दाखवतो, बसा," असेही हे म्हणाले. पण प्रत्यक्ष पाहण्याची तरतूद नव्हती. कार्यालय वस्तू तपासते, माणूस नाही. शेरा लगेच हातात पडला : 'मानवी दोष निरंक. सबब वस्तू यंत्रनिर्मित.' सोबत परिपत्रक होते. त्याचे पहिले वाक्य तत्त्वज्ञानाचे होते : 'माणूस स्खलनशील आहे.' दुसरे कारभाराचे होते : 'तसे आढळून न आल्यास त्यास माणूस समजण्यात येऊ नये.'

जाता जाता भिंगवाले झाडूपाशी ठेचकाळले. तिथे जावयांनी स्वतःला टेकायला म्हणून ठोकून काढलेले एक स्टूल होते. त्याचे तीन पाय जमिनीवर टेकत आणि चौथा विचार करत असे. साहेबांनी ते हलवले. ते डुगडुगले. साहेबांनी फटीत बोट घातले. बोट आत गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले.

"हे कोणी केलं?"

"मी," जावई घाबरून म्हणाले. "पण ते विकायचं नाहीये हो साहेब. मी आपला असाच..."

"असाच!" साहेब हळवे झाले. "बघा, यालाच म्हणतात माणूस."

स्टुलावर तिथल्या तिथे निळा तळवा उमटला. पुढे जावयांना 'श्रेष्ठ हस्तकारागीर' म्हणून बोलावून शालसुद्धा देण्यात आली. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण अंगण वाकडे असल्याबद्दल नाचणाऱ्याचा सत्कार पहिल्यांदाच पाहिला.

आमच्या पाटीवरचा 'हातकाम' शब्द काढावा लागला. पाटी ह्यांच्या वडिलांनी कोरलेली होती. शब्द रंगवलेला असता तर पुसता आला असता. हा कोरलेला, म्हणून हे शिडीवर चढून स्वतः रंध्याने तो काढू लागले. कार्यालयाने शब्द काढायला सांगितले होते. ह्यांनी इतका बेमालूम काढला की तिथे कधी काही होते हे कोणाला ओळखू येईना. एवढ्या कामातही एक ओरखडा राहू द्यायचे ह्यांना सुचले नाही.

गिऱ्हाइके आत येत, 'यंत्रनिर्मित' वाचत आणि नाक मुरडून बाहेर जात. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, थोडं वाकडं करा ना. एक पाय केसभर आखूड. कोणाचं काय जातंय?"

"माझं जातंय," हे म्हणाले.

"अहो, पण दुकान जायची वेळ आलीय," मी म्हटले. "एवढी वर्षं माझ्याशी बोलताना चुकता, तेव्हा बरा हात चालतो. तोच लावा की इथे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. मला हायसे वाटले. तेव्हा काय ठाऊक, आमच्या घरात चूकसुद्धा सरळ करता येत नाही म्हणून.

चूक करायची ठरल्यावर हे ती विचारपूर्वक करू लागले. कुठल्या पायाला करावी? मागच्या डाव्या, कारण माणूस उठताना तिकडे भार कमी देतो, म्हणजे कोणी पडणार नाही. किती करावी? डुगडुग कळली पाहिजे पण चहा सांडता कामा नये. ह्यांनी कच्च्या लाकडावर सराव केला. चुकीचे माप नक्की झाल्यावर त्याचा एक लाकडी साचा केला, काटकोनाचा गुण्या लावून, पेन्सिलीने आखून. त्या साच्यावर सगळ्या खुर्च्यांचे मागचे डावे पाय कापले. खुर्च्या रांगेत मांडल्या आणि एकीला धक्का दिला तर शेजारची त्याच सुरात डुगडुगायची. खरे सांगते, ऐकत राहावेसे वाटायचे.

भिंगवाले आले. पहिली खुर्ची डुगडुगली, ते खूश झाले. दुसरी डुगडुगली. तिसरीपाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाचवीनंतर त्यांनी भिंग खिशात ठेवले.

"दोष एकसारखे आहेत," ते थंडपणे म्हणाले. "म्हणजे यंत्र आहेच. वर बिघडलेलं आहे."

"मी साचा केला," हे प्रामाणिकपणे म्हणाले. या घरात असला प्रामाणिकपणा नेहमी नको त्या वेळी सुचतो.

"साचा! म्हणजे कबुली झाली. यंत्र कुठे दडवलंय?"

दुसऱ्या दिवशी झडती आली. भिंती ठोकून पाहिल्या, भुसा उपसला, माळ्यावर चढले, माझे पातेल्यांचे कपाटसुद्धा उघडले. यंत्र मिळाले नाही. विजेचे बिल पाहिले, तर एक दिवा, एक पंखा आणि ह्यांचा रेडिओ. अशा वेळी साधा माणूस म्हणेल, यंत्र नाही. पण ज्यांनी आधीच शेरा लिहिला आहे त्यांना साधे राहून चालत नाही. प्रमाणन कार्यालयाचे मोठे साहेब जातीने आले. ते आमच्याच एका चांगल्या खुर्चीत बसले. ती डुगडुगत नव्हती, याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

"वस्तू यंत्रनिर्मित आहेत, हे सिद्ध झालंय," ते बोटे मोडत म्हणाले. "त्या या खोलीतून बाहेर पडतात, हेही सिद्ध झालंय. खोलीत लाकूड, हत्यारं आणि हे गृहस्थ. लाकूड यंत्र नाही. हत्यारं आपोआप हलत नाहीत. मग राहिलं कोण?"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिले. हे पटाशीला धार लावत होते. हातसुद्धा नेमका त्याच वेळी एका लयीत मागेपुढे होत होता.

"नोंद करा," मोठे साहेब म्हणाले. "यंत्र एक. जुनं. विजेशिवाय चालणारं."

मी हसले. मग नोंद झाली आणि माझे हसू आवरले.

नोंद झाल्यावर नियम लागू झाले. नियमाला यंत्र काय नि नवरा काय. क्रमांकाची पितळी पट्टी दर्शनी भागावर हवी, म्हणून ती ह्यांच्या ॲप्रनवर शिवून दिली. शिवली शिंपीणबाईंनी. त्या दिवशी त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ओठ मिटलेलेच होते. बाकाभोवती पिवळी रेघ मारण्यात आली. यंत्र चालू असताना रेघ ओलांडायची नाही, म्हणून मी चहाचा कप रेघेवर ठेवायची आणि हे वाकून घ्यायचे. यंत्राला प्रशिक्षित चालक लागतो, म्हणून माझे नाव लागले आणि भिंगवाले माझी परीक्षा घ्यायला आले.

"यंत्र सुरू कसं करता?"

"करावं लागत नाही. उजाडलं की खुडबुड सुरू होते."

"आणि बंद?"

"बंद होत नाही. मी बोलायला लागले की ऐकू येणं तेवढं बंद पडतं."

"आवाज?"

"जेवल्यावर आडवे झाले की होतो. तेव्हा रेघेच्या आत कोणाला थांबवत नाही."

मी उत्तीर्ण झाले. संध्याकाळी ह्यांना सांगितले तर हे म्हणाले, "बरं झालं. आता कागदोपत्रीही तुझंच चालतं." हे पितळी पट्टीवर हात ठेवून बोलले. थट्टेने बोलले, पण पट्टीवरचा हात काढला नाही.

एवढ्यावर भागले असते तरी आम्ही निभावून नेले असते. माणसाला कशाचीही सवय होते, यंत्राला तर होतेच. पण नोंद झालेल्या यंत्राला वय असते. ठराविक वर्षांपलीकडची यंत्रे धोकादायक समजून भंगारात काढायची, असा नियम निघाला. हे त्या वयाच्या केव्हाच पुढे गेले होते. नोटीस आली : यंत्राचा वापर तात्काळ थांबवावा, बाक मोडीत काढावा, पाहणीस येऊन खात्री केली जाईल.

हे बाकाशी जाऊन बसले. बाक ह्यांच्या आजोबांचा. त्याच्या एका कडेला तीन पिढ्यांच्या कोपरांनी खळगा पडलेला. ह्यांनी त्या खळग्यात कोपर ठेवले आणि म्हणाले, "काम नाही केलं तर मी करू काय?" इतके दिवस ह्यांनी कधी असे विचारले नव्हते. मी नोटीस घडी करून पदराला बांधली.

आम्ही मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांच्या दारापुढे बसायला लांब बाकडे होते. हे बसले, त्याचा सांधा चाचपला आणि हळूच मला म्हणाले, "हे फार दिवस टिकायचं नाही." मी म्हटले, "आधी आपलं बघा."

आत गेल्यावर मी मुद्द्याचे बोलले. "साहेब, हे माणूस आहेत."

"पुरावा?"

"जन्माचा दाखला आणलाय."

"त्याने उत्पादनाची तारीख कळते," साहेब सहानुभूतीने म्हणाले.

"मी ह्यांची बायको आहे. मी सांगते ना!"

"तुम्ही चालक आहात, आजी. यंत्र भंगारात गेलं तर तुमचं काम जातं. तुमची साक्ष कशी धरणार?"

"लेक आहे ह्यांना!"

"ते घरगुती उत्पादन. आमच्या कक्षेत येत नाही."

मी तोंड उघडले होते, पण ह्यांनी माझा हात दाबला. साहेब तसे वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता येते. ते पुढे झुकून म्हणाले, "एक वाट आहे. समितीसमोर एक वस्तू करून दाखवा. तीत एक तरी चूक आपोआप झाली पाहिजे. ठरवून केलेली नाही चालणार, साच्यावरची तर नाहीच नाही. आतून आलेली हवी. तेवढी एक झाली की तुम्ही माणूस. मग बाक तुमचा, काम तुमचं."

घरी आल्यावर मी ह्यांच्या मागे लागले. उजेडाकडे पाठ करून बसा म्हटले. चष्मा काढून ठेवला. रेडिओ मोठ्याने लावला. जावयांनी शिकवणी सुरू केली. "बाबा, मनात दुसरंच काहीतरी आणायचं. मी हातोडा मारताना जेवणाचा विचार करतो." ह्यांनी प्रयत्न केला. जेवणाचा विचार करत करत खाच पाडली. खाच सुरेख पडली आणि ह्यांना भूक लागली. शेवटी ह्यांनी हत्यारे पुसली आणि म्हणाले, "जमायचं नाही. मी सरळ स्टूल करणार. काय व्हायचं ते होऊ दे."

समिती एका मोठ्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मध्ये टेबल. भिंगवाले भिंग घेऊन, मोठे साहेब मधोमध, आणखी काही जण ज्यांना आपण का आलो ते ठाऊक नव्हते. हे आत गेले, नमस्कार केला आणि कामाला लागले. मी दाराशी उभी होते.

पहिला पाय बसला. दुसरा बसला. मला माहीत आहे, काम रंगले की ह्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते. ती आली होती. ह्यांना समिती दिसत नव्हती, नोटीस आठवत नव्हती. खोलीत फक्त पटाशीवर पडणारे लाकडी मोगरीचे ठोके होते, एकसारखे. समितीचे चेहरे उतरत चालले होते. भिंगवाले पेन उघडून बसले होते. शेवटच्या पायाची खाच, शेवटचा ठोका.

"आजोबा, इकडे बघा हं!" समितीतला एक जण फोन उगारून म्हणाला. त्याला फोटो हवा होता.

कोणी हाक मारली तर बघावे, असे ह्यांना आईने शिकवले होते. ह्यांनी पाहिले. मोगरी खाली आलेली होती. पटाशी सरकली. खाचेची कड फुटली.

आवाज एवढासा झाला. पण मी इतकी वर्षे त्या खोलीच्या भिंतीपलीकडे भाकऱ्या भाजल्या आहेत, मला तो आवाज कळतो. ह्यांनी पाय खाचेत बसवला. सांध्यात बोटभर फट राहिली.

भिंगवाले धावत आले. त्यांना भिंगाची गरज पडली नाही. "फट!" ते ओरडले. "साहेब, फट आहे! खरी!" सगळी समिती उठून टाळ्या वाजवू लागली. मोठ्या साहेबांनी ह्यांना मिठी मारली. "अभिनंदन, आजोबा! तुम्ही माणूस आहात!"

मिठीतून ह्यांचा आवाज आला. "एक दुसरा तुकडा द्या. एवढी बाजू बदलतो. आत्ता होईल."

"बदलतो?" साहेब दचकून मागे झाले. दोघांनी मिळून स्टूल ह्यांच्यापासून लांब ओढले. "हात लावायचा नाही! तो आता पुरावा आहे."

ह्यांचा हात तसाच पुढे राहिला. निळा तळवा त्या स्टुलावर उमटला तेव्हा तो हात खाली आला.

तर आता आम्ही प्रमाणित आहोत. पिवळी रेघ मी स्वतः घासून काढली. पितळी पट्टी लेकीने उसवली. 'हातकाम' शब्द पाटीवर परत आला आहे. तो जावयांनी लिहिला, त्यामुळे तो लगेच मंजूर झाला. ह्यांनी घरी येताच ते स्टूल चुलीत घालायला घेतले होते. पण प्रमाणित वस्तू नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि दुरुस्त करणे हा त्याहून मोठा. ते दर्शनी जागी, फट गिऱ्हाइकाकडे करून ठेवायचे, असा आदेश आहे. हे फट भिंतीकडे करतात. लेक ती पुन्हा फिरवते. दिवसभर त्या स्टुलाला एवढेच काम असते.

गेल्या आठवड्यात तुम्ही आला होतात. हो, तुम्हीच. मी आत पॉलिशचा बोळा पिळत होते, दारातून दिसत होतात. स्वयंपाकघरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या खुर्च्यांमधून तुम्ही वाट काढत गेलात. एकीलाही उलटी करून पाहिली नाहीत. त्या स्टुलापाशी मात्र वाकलात. फटीत नख घातलेत, डोळे मिटलेत आणि बरोबरच्या बाईंना म्हणालात, "हे बघ. याला म्हणतात जिवंत काम."

मग ह्यांच्याकडे वळलात. "असे आणखी सहा हवेत. जेवायच्या टेबलाभोवती. पण अगदी असेच हं, सगळ्यांना फट इथेच आणि एवढीच. नाहीतर सेट दिसणार नाही."

ह्यांनी चष्मा पुसला, खाली बसले आणि त्या फटीचे माप घेऊ लागले.

दारापर्यंत जाऊन तुम्ही परत वळलात. काहीतरी राहून गेल्यासारखे.

"आणि हो, हातानेच करणार ना?"